ओटीवर कुणी बसेना: ‘द सिम्स ४’मधल्या एका कोकणी घराची फेरआखणी

घर दिसायला देखणं होतं. जांभ्याच्या रंगाच्या भिंती, लाल कौलांचं उतरतं छप्पर, पुढे अंगण, अंगणात तुळशीवृंदावन, मग पडवी, ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी परसदारी न्हाणी. माझ्या भाचीनं ‘द सिम्स ४’ या, घर बांधून त्यात माणसं वसवायच्या संगणकावरच्या खेळात गुहागरजवळचं आपलं आजोळ, म्हणजे माझं माहेर, फोटो समोर ठेवून उभं केलं होतं. त्यात आजी, आजोबा, आई, बाबा, काका आणि दोन मुलं असं सात जणांचं कुटुंब वसवलं आणि खेळ सुरू केला. पहिल्याच आठवड्यात सगळं विस्कटायला लागलं. मुलं शाळेला उशिरा जायची. न्हाणीच्या दाराशी रांग लागायची. आजोबा ओट्याशी उभ्यानं जेवायचे, काका ताट घेऊन पलंगावर जाऊन बसायचा. आणि जिच्यावर तिनं सगळ्यांत जास्त मेहनत घेतली होती ती ओटी दिवसभर ओस.

“मावशी, तू जरा बघ ना. मी सगळं अगदी तसंच केलंय, तरी ओटीवर कुणी बसतच नाही,” असं म्हणत तिनं लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला.

आपल्याकडची घरं या खेळात बांधणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. वाडा असो, चाळीतली खोली असो की गोव्यातलं राजांगणाचं घर असो, फोटोत ते हुबेहूब उतरतं, पण त्यात राहणारी माणसं भलतीकडेच वावरतात. म्हणून या एका घराचं काय बिघडलं होतं आणि ते कसं सुधारलं, हे तपशिलात लिहिते आहे.

आधी त्या घरातली एक सकाळ

घराला हात लावण्याआधी आम्ही नुसतं बघत बसलो. खेळ नेहमीच्या वेगानं चालू ठेवला आणि एकेका माणसामागे कॅमेरा लावून त्याची सकाळ पाहिली. बांधकामाची कुठलीही युक्ती शिकण्याआधी हे करायला हवं असं माझं ठाम मत आहे. बरेच जण बिल्ड मोडमध्ये, म्हणजे खेळाच्या बांधकामाच्या भागात, पडदे आणि गालिचे बदलत बसतात. घरात चालून कुणी पाहतच नाही.

सिम्समध्ये नेहमीच्या वेगात आपला एक सेकंद म्हणजे तिथलं एक मिनिट. माणसं मात्र त्या हिशेबानं फार हळू चालतात. त्यामुळे अंतर फार महाग पडतं. भाचीनं घर खरं कोकणी ठेवायचं म्हणून सरळ रेषेत, लांबच लांब बांधलं होतं. झोपायच्या खोल्या पुढे ओटीच्या बाजूला, न्हाणी आणि संडास परसात. मुलगी पलंगावरून उठून माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी असं करत परसात पोचेपर्यंत खेळातली पंधरा-वीस मिनिटं जात. तिथं आधीच काका आत. ती थांबे, मग भूक लागली म्हणून परत स्वयंपाकघरात येई, तोवर आजी न्हाणीत शिरलेली असे. मुलांची शाळा आठला सुरू होते. सात माणसं, एक न्हाणी आणि एवढी लांब वाट यांतून आठाचं गणित जुळणं शक्यच नव्हतं.

मग आम्ही बिल्ड मोडमध्ये टी हे बटण दाबून घर वरून पाहिलं, नकाशासारखं. त्याचं चित्र घेऊन त्यावर प्रत्येकाची वाट वेगळ्या रंगात आखली. सातही रेषा माजघरातून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या एकाच दारात कोंबलेल्या होत्या आणि ओटीवर एकही रेषा नव्हती. रोग तिथंच कळला.

वस्तू माणसांना बोलावतात

या खेळाच्या जन्माची गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण ओटीच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. या खेळाचे जनक विल राइट यांचं घर १९९१च्या, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या मोठ्या आगीत जळालं. सगळा संसार नव्यानं मांडताना माणसाला कुठल्या वस्तू खरंच लागतात आणि कशासाठी, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्या विचारांचाही त्यांच्यावर प्रभाव होता. सुरुवातीला हा खेळ घरं बांधण्याचाच होता आणि माणसं घातली ती घर नीट जमलं आहे का हे तपासण्यापुरती. पुढे माणसंच जास्त रंजक ठरली आणि ४ फेब्रुवारी २००० रोजी ‘द सिम्स’ बाहेर आला तो माणसांचा खेळ म्हणून.

त्या पहिल्या खेळापासून एक गोष्ट टिकून आहे: शहाणपण वस्तूंमध्ये भरलेलं असतं. फ्रिज आसपासच्या माणसांना जणू सांगत असतो की माझ्याकडे या, भूक भागेल. टीव्ही म्हणतो करमणूक होईल, पलंग म्हणतो थकवा जाईल. माणूस आपली गरज, वस्तूचं आवाहन आणि अंतर यांचा मेळ घालून निवड करतो. ‘सिम्स ४’मध्ये अशा सहा गरजा आहेत: भूक, झोप, करमणूक, सोबत, स्वच्छता आणि लघवी-शौच. ज्या जागेतली वस्तू यांपैकी कशालाच उत्तर देत नाही ती जागा माणसांच्या लेखी नसल्यासारखीच.

भाचीच्या ओटीवर काय होतं? खांब, कोनाडे, भिंतीवर जुन्या धाटणीच्या तसबिरी, कोपऱ्यात पितळेसारखं दिसणारं भांडं आणि एक बाक. टीव्ही, सोफा, पुस्तकांचं कपाट, रेडिओ असं बोलावणारं सगळं माजघरात. बाकावर बसायला कुणाला कारणच नव्हतं.

मी तिला आमच्या खऱ्या ओटीबद्दल विचारलं. “आजोबा तिथं का बसायचे?” ती म्हणाली, “हवेला.” हवा तर अंगणातही होती. आजोबा ओटीवर बसत कारण पानाचं तबक तिथं होतं, वर्तमानपत्र तिथं येऊन पडायचं, रेडिओ तिथं होता, झोपाळा होता आणि येणारा-जाणारा तिथूनच दिसायचा. या पाच गोष्टी काढल्या तर खऱ्या ओटीवरसुद्धा कुणी बसलं नसतं. खेळ आपल्या घरांशी परका वागत नव्हता. भाचीनं ओटीची बांधणी आणली होती, ओटीवरचं सामान आणायचं राहिलं होतं.

ओटीवर काय गेलं

तिच्याकडे फक्त मूळ खेळ होता, त्यावर वेगळे विकत घ्यायचे जोड, म्हणजे पॅक, नव्हते. तो ऑक्टोबर २०२२पासून फुकट झाला आहे आणि माझ्या मते घर बांधायला शिकायला तो पुरेसा आहे. मनासारखा झोपाळा त्यात तिला सापडला नाही. बुद्धिबळाचं टेबल मात्र होतं. ते आम्ही ओटीच्या डाव्या अंगाला ठेवलं, दोन्हीकडे खुर्च्या. माजघरातला रेडिओ आणि पुस्तकांचं कपाट ओटीवर आणलं. बाक अंगणाकडे तोंड करून ठेवला. टीव्ही माजघरातच राहू दिला, पण त्याच्यासमोरचा मोठा सोफा काढून दोघांपुरता ठेवला.

फरक लगेच दिसला. आजोबा जेवून उठले की सरळ बुद्धिबळाकडे. त्यांना तिथं बसलेलं पाहून नात समोर येऊन बसे, कारण बुद्धिबळ दोघांचं आणि बोलणंही आपोआप होतं. करमणूक आणि सोबत या दोन गरजा एकाच जागी भागतात. काका पुस्तक काढून तिथंच बाकावर वाचत बसे. सिमनं, म्हणजे खेळातल्या माणसानं, पुस्तक उचललं की तो जवळची बसायची जागा शोधतो, त्यामुळे कपाटापासून दोन-तीन चौकटींत (खेळातली जमीन अशा सारख्या चौकोनांत आखलेली असते) बैठक असली पाहिजे.

पाहुण्यांचा घोळ वेगळा होता. शेजारीपाजारी येत ते थेट स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभे राहत. खेळ घरातलं एक दार मुख्य दार मानतो आणि तिनं पुढची बाजू उघडी ठेवल्यामुळे तो मान मागच्या दाराला मिळाला होता. बिल्ड मोडमध्ये दारावर क्लिक करून मुख्य दार ठरवता येतं. ओटीवरून माजघरात जाणारं दार आम्ही मुख्य केलं आणि येणारे लोक अंगणातून, पडवी चढून ओटीवर यायला लागले. आल्यागेल्याची ऊठबस ओटीवर, घरची माणसं आत, ही कोकणी घराची रीत त्या एका क्लिकनं जमली.

तुळशीवृंदावनाचं काम मला स्वतःला फार आवडलं. भाचीनं ते शोभेच्या दगडी खांबावर झुडूप ठेवून केलं होतं. मूळ खेळात बेसिल हे लावता येणारं झाड आहे आणि ते तुळशीच्याच कुळातलं. लागवडीची चौकोनी कुंडी अंगणात मधोमध ठेवून तिच्यात ते लावलं, भोवती दगडी फरशीचा चौक केला. आता त्याला पाणी घालावं लागतं, तण काढावं लागतं, आणि त्यासाठी आजीला रोज अंगणात पाठवावंच लागतं. शोभेचं झुडूप हे काम कधीच करू शकलं नसतं.

जेवण आणि न्हाणी

इथं भाचीशी माझा थोडा वाद झाला. तिला जेवणाचं टेबल नको होतं. “आपल्याकडे पाटावर बसतात ना मावशी, टेबल कसं ठेवू?” तिचं म्हणणं घराच्या बाजूनं खरं होतं. पण मूळ खेळातल्या माणसांना जमिनीवर मांडी घालून पानावर बसता येत नाही. खाली बसायच्या गाद्या आणि बुटकी टेबलं ‘स्नोई एस्केप’ या २०२०च्या जपानी धाटणीच्या पॅकमध्ये आहेत आणि तो पॅक तिच्याकडे नव्हता. टेबल नसलं की सिम मिळेल तिथं जेवतो: उभ्यानं, पलंगावर, टीव्हीसमोर, आणि खरकटी ताटं घरभर पसरतात. या घरात नेमकं तेच चाललं होतं.

शेवटी माजघरात, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, लांब लाकडी टेबल आणि सात खुर्च्या आल्या. प्रत्येक खुर्चीमागे एक चौकट मोकळी ठेवली, नाहीतर खुर्ची ओढायला आणि मागून जायला वाट उरत नाही. टेबल गडद लाकडी आणि साधं घेतलं. त्याच्यावर मधोमध शोभेचं काहीही ठेवायचं नाही असं ठरलं, कारण शोभेच्या वस्तूंनी भरलेल्या टेबलावर ताट ठेवायला जागा राहत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याचीही तीच कथा होती. तिनं ओट्यावर डबे, बरण्या, भांडी, फळांची टोपली असं इतकं मांडलं होतं की भाजी चिरायला एक चौकट मोकळी नव्हती. स्वयंपाक करा म्हटलं की आई हात वर करून तक्रार करायची. शेगडी आणि बेसिनच्या मधला ओटा आम्ही पूर्ण रिकामा केला. बरण्या भिंतीवरच्या फळीवर गेल्या आणि तिथं त्या जास्त शोभल्या.

न्हाणीचं काय करायचं? परसातली न्हाणी तशीच ठेवली, कारण तिच्याशिवाय ते घर ते घर राहिलं नसतं. पण माजघराच्या बाजूला जी बाळंतिणीची खोली होती तिचा एक तुकडा कापून तिथं संडास आणि बेसिन केलं. शॉवर एक आत, एक परसात. बेसिन संडासाबाहेर ठेवल्यामुळे एक जण आत असताना दुसरा तोंड धुऊ शकतो. मुलांच्या खोलीपासून ही जागा चार-पाच चौकटींवर आली आणि शाळेचा उशीर त्याच दिवशी थांबला. जुन्या घरातही सुना-नातवंडांसाठी अशाच सोयी नंतर आत आल्या आहेत, तेव्हा यात घराशी काही बेइमानी झाली असं मला वाटत नाही.

माजघरातले पलंगही हलवले. सगळ्यांनी माजघरात ओळीनं झोपायचं हे आठवणीत गोड आहे, पण खेळात त्याच खोलीत टीव्ही लागला की झोपमोड. आजी-आजोबांना स्वयंपाकघराशेजारची खोली दिली, पलंगाच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या. भिंतीला चिकटवलेल्या जोडपलंगावर एका बाजूच्या माणसाला चढताच येत नाही, हे नव्या खेळाडूंना कुणीतरी सांगायला हवं.

जोतं, पायऱ्या, छप्पर

कोकणी घराचा चेहरा पातळ्यांवर ठरतो. अंगणातून पडवी, पडवीतून ओटी, प्रत्येक ठिकाणी एक पाऊल वर. सिम्समध्ये जोत्याची उंची सबंध प्लॉटला एकच मिळते, त्यामुळे पूर्वी हे जमत नसे. नोव्हेंबर २०२०च्या फुकट अपडेटमध्ये प्लॅटफॉर्म आले आणि एका मजल्यात वेगवेगळ्या उंचीचे कट्टे करता यायला लागले. जोतं आम्ही अगदी कमी ठेवलं, पडवी त्या पातळीत, ओटी सगळ्यांत कमी उंचीच्या कट्ट्यावर. एवढ्याशा कट्ट्यावर माणसं पायरीशिवाय चढतात. उंची वाढवली की पायऱ्या द्याव्या लागतात. ओटी आणि माजघर मात्र एकाच पातळीत ठेवलं, म्हणजे मधल्या दाराला काही अडचण आली नाही.

छपराला भाचीनं एकच मोठा दुपाखी आकार दिला होता आणि पडवी त्याच्याखाली अंधारात बुडाली होती. आम्ही मुख्य घराला दुपाखी छप्पर ठेवलं आणि पडवीवर एका अंगाला उतरणारं वेगळं, कमी उताराचं छप्पर घातलं. वळचण ओढून पुढे आणली. मूळ खेळात पाऊस नाही, तो २०१८च्या ‘सीझन्स’ पॅकबरोबर येतो, त्यामुळे एवढ्या वळचणीची तांत्रिक गरज नव्हती. पण भिंतीवर पडणारी ती खोल सावली नसेल तर लाल भिंत कितीही जुळवली तरी कोकण दिसत नाही. खांब जाड नकोत. तिनं देवळासारखे भरभक्कम खांब लावले होते. बारीक, चौकोनी, गडद लाकडी लावल्यावर ओटी एकदम घरगुती झाली.

सजावट, सर्वांत शेवटी

‘bb.moveobjects on’ (मूव्हऑब्जेक्ट्स) ही चीट, म्हणजे खेळाचे नियम वाकवायला टाइप करायची आज्ञा, बहुतेक खेळाडूंना माहीत असते. तिच्यामुळे वस्तू एकमेकींत सरकवता येतात, आल्ट दाबून धरलं की चौकटींचं बंधन सुटतं, ९ आणि ० या बटणांनी वस्तू वर-खाली होतात. देवघर तिनं अशाच जोडाजोडीतून केलं होतं: बुटकं कपाट, त्यावर फळी, मेणबत्त्या, फुलांचं भांडं, वाटी. काम सुंदर होतं आणि आम्ही ते तसंच ठेवलं, फक्त वाटेतून उचलून भिंतीच्या कोपऱ्यात नेलं. चीट वापरून ठेवलेली वस्तू दिसायला अडथळा वाटत नाही, पण माणूस तिच्यापाशी अडतो. माझा नियम असा की चीटनं केलेली मांडणी भिंतीलगत किंवा फळीवर ठेवावी. जिथून चालायचं आहे तिथं नको.

उजेडाकडे फार कमी लोक लक्ष देतात. दिव्यावर क्लिक करून त्याचा रंग आणि तेज बदलता येतं. माजघरात तिनं पांढरा लख्ख प्रकाश ठेवला होता आणि ती खोली एखाद्या दवाखान्यासारखी वाटत होती. दिवे कमी केले, रंग पिवळसर, तेज मंद. स्वयंपाकघरात मात्र उजेड भरपूर ठेवला. मुलांच्या अभ्यासाच्या जागी एकाग्रतेचा भाव देणारी वस्तू ठेवली. अशा काही शोभेच्या वस्तूंचा भाव चालू-बंद करता येतो आणि त्या खोलीतल्या माणसांच्या मनःस्थितीवर त्याचा परिणाम होतो.

रंग तीनच धरले: जांभ्याचा तांबडा, चुन्याचा पांढरा, जुन्या लाकडाचा काळपट तपकिरी. चौथा रंग कापडाला, आणि तोही एका खोलीत एकच.

पैशांची बाजूही पाहावी लागली. सात जणांच्या कुटुंबाला सुरुवातीला ३२,००० सिमोलियन (खेळातलं चलन) मिळतात, एका माणसाचे २०,००० आणि पुढच्या प्रत्येकाचे २,०००. तिनं ‘मदरलोड’ ही पैशांची चीट टाकून दर वेळी ५०,००० घेतले आणि महागडं सामान भरलं. पण दर आठवड्याचं बिल मालमत्तेच्या किमतीवर ठरतं, आणि कमावणारी माणसं दोनच. बिल थकलं की वीज आणि पाणी तुटतं. तेही एकदा झालं होतं. फ्रिज, शेगडी आणि पलंग चांगल्या प्रतीचे ठेवून बाकीचं स्वस्तात बदललं. जुन्या घराला स्वस्त लाकडी सामानच जास्त खुलतं, तेव्हा दिसण्यात तोटा झाला नाही.

राहिलेलं

माळा अजून व्हायचा आहे. २०२०मध्ये मूळ खेळात शिड्या आल्यामुळे माजघरातून उभी शिडी लावून तो करता येईल, पण वर माणसांना बोलावणारं काय ठेवायचं हे भाचीला आधी ठरवायला सांगितलं आहे. तिच्या मनात काकासाठी चित्रफलक आहे. गडगा घालताना तिनं फाटकाची रुंदी एकच चौकट ठेवली आहे; सात माणसं आणि पाहुणे यांना दोन तरी हव्यात.

घर ती आता गॅलरीत, म्हणजे खेळाडू आपली घरं इतरांसाठी ठेवतात त्या जागी, टाकणार आहे. वर्णनात तिनं दोन ओळी लिहाव्यात असं मी सुचवलं: फक्त मूळ खेळ पुरेसा आहे, आणि घर आपल्या प्लॉटवर ठेवण्याआधी मूव्हऑब्जेक्ट्सची चीट चालू करा, नाहीतर देवघरातल्या काही वस्तू ठेवल्याच जाणार नाहीत.